दोन सुरांच्या मधे

"बोट उचललंस की गाणं तुटलं," गुरुजी म्हणायचे. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या माडीवर सतरंजीवर मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवायचं आणि यमनमधल्या गंधारावरून पंचमाकडे जायचं. एवढंच. कधीकधी अर्धा तास फक्त एवढंच. बोट तारेवरून उचलायचं नाही, घसटत न्यायचं. वाटेतला तीव्र मध्यम ऐकणाऱ्याला लागला पाहिजे, पण आपण तिथे थांबलो असं त्याला वाटता कामा नये. बसण्याआधी ते डाव्या हाताच्या बोटांना खोबरेल तेल लावायला सांगायचे, तेही थेंबभर, नुसता वास यावा इतकंच. नऊ वर्षं शिकले. मग नोकरी आली, बदली आली, घर आलं. व्हायोलिन खोक्यात बंद होऊन कपाटावर गेलं आणि तिथेच राहिलं.

चार वर्षांपूर्वी, जुलैमधली रात्र होती. पाऊस थांबत नव्हता, झोप येत नव्हती. फोनवर काहीतरी लावून पडावं म्हणून शोधत होते, तर एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराचा व्हायोलिन सोनाटा, म्हणजे व्हायोलिन आणि पियानो या दोघांसाठीची रचना, समोर आला. एल्गार हे नाव मला 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' या लष्करी थाटाच्या संचलनापुरतंच माहीत होतं. वाजवणारे होते अल्बर्ट सॅमन्स, पियानोवर विल्यम मर्डॉक, आणि साल १९३५. जुन्या तबकडीची खरखर तशीच होती. माझी अपेक्षा काहीच नव्हती.

पहिला भाग गेला. दुसरा सुरू झाला, त्याचं नाव 'रोमान्स'. सुरुवातीला व्हायोलिन अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखं चाचपडत येतं. दोन पावलं टाकतं, थबकतं. पियानोही तुटक तुटक बोलतो. आणि मग मधे एक लांब श्वासाची चाल उलगडायला लागते. त्या चालीत सॅमन्स एका सुरावरून वरच्या सुरावर गेले आणि मी अंथरुणात उठून बसले.

त्यांनी बोट उचललं नव्हतं.

हे सांगताना मला एक गोष्ट आधीच स्पष्ट करायची आहे. ती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसटत जाणं, आपली मींड नव्हे. आपल्याकडे दोन सुरांमधली वाट हा रागाच्या व्याकरणाचा भाग असतो. दरबारीचा गंधार कुठून येतो आणि कसा डोलतो हे चुकलं, तर तो दरबारी राहत नाही. पाश्चात्त्य व्हायोलिनमध्ये तसं बंधन नाही. तिथे या घसटीला 'पोर्टामेंटो' म्हणतात. हात तारेवर खालच्या जागेवरून वरच्या जागेवर सरकवावा लागतो, त्या सरकण्याचा आवाज काही ठिकाणी मुद्दाम ऐकू येऊ द्यायचा. कुठे द्यायचा आणि कुठे लपवायचा हे वाजवणाऱ्याच्या मनावर. बोलताना एखाद्या शब्दावर आवाज जरा लांबवावा, तसं. व्याकरण वेगळं, काम वेगळं, हे सगळं कबूल. पण कान त्या क्षणी व्याकरण तपासत बसत नाही. मला ऐकू आलं ते एवढंच, की एक माणूस दोन सुरांमधला रस्ता चालत गेला, उडी मारून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोच 'रोमान्स' आणखी दोघातिघांचा ऐकला. सूर तेच, लय जवळपास तीच, आवाज कितीतरी स्वच्छ. रस्ता मात्र बहुतेक ठिकाणी पुसलेला. इथून माझा शोध सुरू झाला आणि तो एल्गारच्या तीन रचनांपुरताच राहिला आहे. व्हायोलिन सोनाटा, चार तारवाद्यांचा स्ट्रिंग क्वार्टेट आणि त्या चौघांत पियानो मिळवलेला पियानो क्विंटेट. ऑपस, म्हणजे रचनाक्रमांक, ८२, ८३ आणि ८४. चार वर्षं मी प्रामुख्याने या तीन रचनांची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ऐकते आहे, आणि अजून संपलेली नाहीत.

या प्रकाराला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे दिवाणखाना. दोन, चार, पाच वादक, समोर थोडे श्रोते, मधे वाद्यवृंद नाही आणि हातात काठी घेतलेला संचालकही नाही. आपल्या बैठकीच्या गाण्याला सगळ्यात जवळचं तिथलं रूप हेच. वादक एकमेकांच्या श्वासाकडे बघून सम गाठतात.

एल्गार स्वतः व्हायोलिन वाजवणारा माणूस. १८५७ साली वूस्टर शहराजवळच्या ब्रॉडहीथ या खेड्यात जन्म. वडील पियानो लावून देत आणि वूस्टरमध्ये वाद्यांचं दुकान चालवत. संगीताच्या मोठ्या शाळेत जाण्याइतका पैसा नव्हता. दुकानातली पुस्तकं आणि वाद्यं हीच त्याची शाळा. तरुणपणी मोठा व्हायोलिनवादक व्हायचं त्याच्या मनात होतं, त्यासाठी लंडनला जाऊन थोडे धडेही घेतले. मग ते सोडून दिलं आणि गावोगाव व्हायोलिनच्या शिकवण्या करत राहिला. १८८७ च्या सुमाराला त्याने एक क्वार्टेट आणि एक व्हायोलिन सोनाटा लिहिला होता. दोन्ही त्याने स्वतः नष्ट केले. त्याच्या रचनांच्या यादीत ८ आणि ९ या क्रमांकांवर आज केवळ त्यांची नावं आहेत. मोठी कीर्ती नंतर आली, ती वाद्यवृंदाच्या आणि समूहगायनाच्या भव्य रचनांमुळे. दिवाणखान्याचं मोठं संगीत लिहायला तो परतला तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. मधे तीस वर्षं गेली होती.

साल १९१८. महायुद्धाचं चौथं वर्ष संपत आलेलं. त्याच्या देशभक्तीच्या चाली लोकांच्या तोंडी होत्या आणि त्याला स्वतःला त्यांचा उबग आला होता. मार्चमध्ये लंडनमध्ये टॉन्सिलचं ऑपरेशन झालं, त्या वयात ते साधं नव्हतं. मेमध्ये तो आणि पत्नी ॲलिस ससेक्समध्ये फिटलवर्थ गावाजवळ 'ब्रिंकवेल्स' नावाच्या गवती छपराच्या घरात राहायला गेले. भोवती चेस्टनटचं रान. तिथे एल्गार लाकडं फोडायला शिकला, पिपांना लागणारी लाकडी कडी करायला शिकला. वारा तसा असला की खाडीपलीकडच्या फ्रान्समधल्या तोफा ऐकू येत. ऑगस्टमध्ये त्या घरात पियानो आणवला, आणि सोनाटा सुरू झाला तो सप्टेंबरच्या मध्याला पुराही झाला. पाठोपाठ क्वार्टेट आणि क्विंटेट, दोन्ही एकाच वेळी हातात. ॲलिस रोजनिशी लिहायची. नवीन संगीतात रानाची जादू उतरली आहे, असं तिने त्या दिवसांत नोंदवून ठेवलं.

सोनाटाचा शेवटचा भाग लिहीत असताना एक गोष्ट घडली. मेरी जोशुआ नावाच्या घरोब्याच्या मैत्रिणीला त्याने हा सोनाटा अर्पण करायचं ठरवलं होतं, तिला तसं कळवलंही होतं. आणि ती अचानक गेली. मग त्याने शेवटच्या भागात, सगळं वेगाने समेकडे धावत असताना, मधेच वेग ओसरू दिला आणि 'रोमान्स'मधली ती लांब चाल पुन्हा एकदा आणली. पूर्ण नाही, आठवण येते तेवढीच. सॅमन्स इथे काय करतात ते मी किती वेळा ऐकलं असेल! दुसऱ्या भागात जी घसट भरदार होती, तीच इथे इतकी बारीक होते की वाटतं, धनू (व्हायोलिनचा गज) तारेवर आहे की नाही. तोच रस्ता, पण आता त्यावरून चालणारं माणूस नाही.

मर्डॉकचा पियानो ऐकताना मला नेहमी आपली पेटी आठवते. पियानोला मींड नाही. पट्टी दाबली की सूर, सोडली की दुसरा. गाणारा सुरांच्या मधून जातो आणि पेटीवाला दोन्ही तीरांवरून त्याला साथ करतो, तो प्रकार. चांगला पेटीवाला आपल्या वाद्याची ही उणीव ओळखून असतो, गाणारा मधल्या पाण्यात असला की स्वतः थोडा मागे सरकतो. मर्डॉक तसंच करतात. घसट यायच्या आधी त्यांचा आवाज किंचित खाली येतो. हे स्वरलिपीत लिहिलेलं नसावं, माणसाने माणसाला दिलेली वाट असावी, असं मला वाटतं.

आणि आता ॲलिसबद्दल. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर मी बराच वेळ काही ऐकू शकले नाही. एल्गारची पत्नी कॅरोलाइन ॲलिस रॉबर्ट्स ही जन्मली भुजला. आपल्या कच्छमधल्या भुजला, १८४८ साली. वडील हेन्री जी रॉबर्ट्स मुंबई इलाख्याच्या फौजेत अधिकारी होते. १८५८ मध्ये बंडवाल्यांच्या हातून कोटा घेणारी फौज त्यांचीच. ते मेजर जनरल होते, पुढे 'सर'ही झाले, आणि मुलगी लहान असतानाच १८६० मध्ये वारले.

यातलं काही मी गोड करून सांगणार नाही. या घराला मान मिळाला तो आपल्या लोकांविरुद्धच्या लढाईतून. एल्गारनेही १९१२ मध्ये दिल्ली दरबाराच्या निमित्ताने लंडनच्या रंगमंचासाठी 'क्राउन ऑफ इंडिया' नावाचा थाटमाट रचला होता. ते संगीत मी एकदा ऐकलं आणि पुन्हा लावलं नाही. पण जनरलच्या मुलीने, वयाची चाळिशी गाठल्यावर, आपल्याहून जवळपास नऊ वर्षांनी लहान, दुकानदाराच्या, कॅथलिक, व्हायोलिनच्या शिकवण्या करणाऱ्या मास्तराशी लग्न केलं आणि नातेवाईकांचा रोष पत्करला, हेही खरं आहे. तीही त्याचीच विद्यार्थिनी होती. ओढगस्तीच्या दिवसांत ती त्याच्यासाठी कोऱ्या कागदांवर स्वरलिपीच्या पाच-पाच रेघा आखून ठेवायची. ब्रिंकवेल्सच्या त्या हिवाळ्यात ती सत्तरीची झाली होती आणि खचत चालली होती. क्वार्टेटचा मधला संथ भाग तिला सगळ्यात आवडायचा. त्यात ऊन पकडून ठेवलंय, असं ती म्हणायची. भुजला जन्मलेली बाई उन्हाबद्दल असं बोलते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर ससेक्सचं ऊन असेल हे मला कळतं. तरीही.

त्या संथ भागाची सुरुवात तीनच वाद्यं करतात. दुसरं व्हायोलिन चाल सांगतं, व्हिओला आणि चेलो ही त्याच कुळातली खालच्या आवाजाची वाद्यं साथीला. पहिलं व्हायोलिन, म्हणजे क्वार्टेटमधला मुख्य गवई म्हणा, बराच वेळ गप्प बसून ऐकतो. मग हळूच आत येतो. बैठकीत वडीलधाऱ्या गायकाने शिष्याला आधी गाऊ द्यावं आणि स्वतः तानपुऱ्याला कान लावून बसावं, तसं मला ते दिसतं.

क्वार्टेट आणि क्विंटेट दोन्ही २१ मे १९१९ ला लंडनच्या विगमोर हॉलमध्ये लोकांसमोर वाजले. वाजवणाऱ्यांत सॅमन्स होते, पियानोवर मर्डॉकच होते. दुसऱ्या व्हायोलिनवर डब्ल्यू. एच. रीड, एल्गारचे जिवलग मित्र, ज्यांनी ब्रिंकवेल्सला जाऊन शाई न वाळलेल्या पानांवरून सोनाटा वाजवून दाखवला होता. व्हिओला रेमंड जेरेमी, चेलो फेलिक्स सॅमंड. एक वर्षही पुरतं झालं नाही. ७ एप्रिल १९२० ला ॲलिस गेली. लिटल मॉल्व्हर्नच्या सेंट वुल्स्टन चर्चमध्ये तिला निरोप दिला, तेव्हा याच चौघांनी तो क्वार्टेटचा संथ भाग वाजवला. त्यानंतर एल्गार चौदा वर्षं जगला. पण एवढ्या मोलाचं त्याने पुन्हा फारसं लिहिलं नाही.

तेव्हा १९३५ ची ती रेकॉर्ड म्हणजे कुणा परक्याची आवृत्ती नव्हे. ॲलिसच्या अंत्यविधीला वाजवणाऱ्या हातांतलाच एक हात त्यात आहे. हे कळल्यावर मी ती पुन्हा ऐकली. सॅमन्सही एल्गारसारखेच, नावाजलेल्या शाळेतून न आलेले. लंडनच्या हॉटेलांमध्ये जेवणाऱ्या मंडळींसमोर वाजवत असताना संचालक टॉमस बीचम यांनी त्यांना हेरलं. ती घसट त्यांनी कुणाकडून शिकली नसावी, ती त्या काळच्या हवेतच होती.

आता जी हकीकत सांगायची आहे तिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला. तिच्यात एक माणूस आहे, फ्रेड गायसबर्ग. मूळचा वॉशिंग्टनचा, नंतर लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा. १९०२ च्या नोव्हेंबरात हाच गायसबर्ग यंत्रं घेऊन कलकत्त्याला उतरला होता आणि त्याच्याच कर्ण्यासमोर गौहरजान गायल्या होत्या, गाणं संपल्यावर 'माय नेम इज गौहर जान' असं ठणकावून सांगत. आपल्या संगीताच्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट जिथून सुरू होते तिथे हा माणूस उभा आहे. आणि तीस वर्षांनी तोच माणूस वूस्टरमध्ये, म्हाताऱ्या एल्गारच्या घरी, चहाच्या टेबलाशी बसलेला दिसतो.

एल्गारला ध्वनिमुद्रणाचं पहिल्यापासून वेड होतं. १९१४ च्या जानेवारीत त्याने पहिली रेकॉर्ड केली, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसायचं, आणि तारवाद्यांचा आवाज पोचत नाही म्हणून कर्णा जोडलेली खास व्हायोलिनं वापरायची, असा तो काळ. १९२५ मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. १९३१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ॲबी रोडवरचा स्टुडिओ उघडला तेव्हा पहिल्या दिवशी वाद्यवृंदासमोर एल्गारच होता. आपल्या बहुतेक मोठ्या रचना त्याने स्वतः उभं राहून ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्या मुद्रणांत व्हायोलिनांचा सगळा ताफा एकदम घसटत वर जातो. लिहिणारा समोर उभा आहे आणि त्याला ते हवं आहे, याहून मोठा पुरावा कशाला?

१९३३ च्या ऑक्टोबरात त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि आत कर्करोग निघाला. त्याच वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत स्ट्रॅटन क्वार्टेट या चौघांनी त्याच्या क्वार्टेटची आणि पियानोवादक हॅरिएट कोहेन यांच्यासह क्विंटेटची रेकॉर्ड केली. एल्गार अंथरुणाला खिळलेला होता. तबकड्या बाजारात यायच्या आधीच त्यांचे चाचणीचे नमुने त्याच्याकडे वूस्टरला पाठवले गेले, आणि त्याने ते पडल्या पडल्या ऐकले. ब्रिंकवेल्सचं रान, लाकडांचा वास, ॲलिसचं ऊन, सगळं पंधरा वर्षांनी त्याच्या खोलीत, फिरत्या तबकडीवर.

आज आपल्याला आयुष्यभर ऐकायला लागेल इतकं खिशात असतं, म्हणून थोडं थांबून त्या तबकडीचा विचार करायला हवा. एका बाजूला जेमतेम सव्वाचार-साडेचार मिनिटं. क्विंटेट सदतीस-अडतीस मिनिटांचा, म्हणजे नऊ-दहा बाजू. दर चार मिनिटांनी कुणीतरी उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची. आपल्या गवयांनी या अडचणीवर तोड काढली होती. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खा राग उभा केला, सुरुवात-शेवटासह. त्यांची तबकडी संपते तिथे गाणं संपतं. पण आधीच लिहून ठेवलेला क्विंटेट आटवता येत नाही, तो जिथे तबकडी संपेल तिथे तुटतो. मी कल्पना करते, त्या खोलीत दर चार मिनिटांनी ते तुटणं होत होतं आणि उरलेलं तो मनात पुरं करत होता. त्याला कुठे काही शोधायचं होतं? सगळा रस्ता त्याचाच होता.

२२ जानेवारी १९३४ ला गायसबर्गने आणखी एक गोष्ट केली. ॲबी रोड स्टुडिओपासून वूस्टरच्या त्या शयनगृहापर्यंत टेलिफोनची तार जोडली. इकडे उशाशी स्पीकर आणि मायक्रोफोन, तिकडे लंडनमध्ये वाद्यवृंद. एल्गारने पडल्या पडल्या ऐकलं, सूचना दिल्या आणि पुन्हा वाजवायला लावलं. जे वाजवलं त्यात त्याच्या 'कॅरॅक्टॅकस' या समूहगायनाच्या रचनेतला रानातला एक छोटा तुकडा होता. २३ फेब्रुवारीला तो गेला.

स्ट्रॅटन क्वार्टेट आणि हॅरिएट कोहेन यांचं ते मुद्रण आज सहज मिळतं. कोहेनबाईंचे हात लहान होते, एका सप्तकापलीकडे बोटं पोचायची नाहीत, आणि क्विंटेटचा पियानो तर भरगच्च स्वरगुच्छांचा. ती ओढाताण काही ठिकाणी कळते. पण सुरुवात ऐकाच. पियानो एक जुन्या प्रार्थनेसारखी चाल अगदी उघडी, साथीशिवाय म्हणत राहतो आणि भोवती तारवाद्यं कुजबुजतात, काहीतरी चुरचुरल्यासारखी. त्या रानात विजेने जळालेली काही वाकडी झाडं होती. ते शाप लागलेले स्पॅनिश भिक्षू आहेत अशी कथा एल्गारच्या गोतावळ्यात सांगितली जायची. तबकडीच्या खरखरीतून ती कुजबुज येते तेव्हा खरखर कुठली आणि कुजबुज कुठली, हे वेगळं करता येत नाही. मला ते वेगळं करायचंही नाही.

आणि मग संथ भाग. व्हिओला सुरू करते. ही चाल माझ्या माहितीतल्या सगळ्या संगीतातल्या सर्वांत मोठ्या मनाच्या चालींपैकी एक आहे, हे मी विचार करून लिहिते आहे. स्ट्रॅटनच्या चौघांत दर वाद्याची मींड वेगळी आहे. एकाने वर जाताना घसट घेतली म्हणून दुसरा घेतोच असं नाही. चार स्वतंत्र माणसं बोलत आहेत हे त्यामुळेच कळतं.

नंतरच्या मुद्रणांवर मला अन्याय करायचा नाही. पियानोवादक जॉन ऑग्डन आणि ॲलेग्री क्वार्टेट यांचं १९६९ चं क्विंटेट मला आवडतं. ऑग्डनच्या हातात ती प्रार्थना एखाद्या मोठ्या दगडी वास्तूसारखी उभी राहते. पीटर डोनोहो आणि मॅजिनी क्वार्टेट यांचं स्वच्छ, नेटकं, पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिथून सुरू करावं असं. पिअर्स लेन आणि गोल्डनर क्वार्टेट यांच्यात एक हळवेपणा आहे आणि मुद्रण इतकं सुंदर की धनू उचलल्याचं कळतं. सोनाटासाठी निजेल केनेडीचं १९८४ चं, अगदी तरुणपणचं मुद्रण आहे. त्याला तार बोलकी करायची भीती नाही, म्हणून ते मी पुष्कळदा लावते. पण बाकी बहुतेकांमध्ये हात इतका सफाईने जागा बदलतो की मधला रस्ताच नाहीसा होतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही घसट युरोपभर मागे पडत गेली आणि पुढे जुनाट, भावविवश मानली गेली. माझी समजूत अशी की तबकडीचाही त्यात हात असावा. मैफलीत एकदा ऐकलेली घसट हवेत विरते. तीच घसट तबकडीवर पन्नासदा तश्शीच ऐकली की खटकू लागते. वाजवणारे सावध झाले असतील. आणि ती गेली कुठे हे सांगायलाही आज तबकड्याच उरल्या आहेत.

एका मुद्रणाजवळ मात्र मी वेगळी थांबते. १९७८ मध्ये यहुदी मेन्युहिन यांनी बहीण हेफ्झिबाच्या साथीने हा सोनाटा वाजवला. मेन्युहिन आम्हा पुणेकरांना परके नाहीत. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांचे ते शिष्य आणि त्यांना जगापुढे नेणारेही तेच. १९३२ मध्ये सोळा वर्षांच्या मेन्युहिनने एल्गारचा व्हायोलिन कंचेर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) खुद्द एल्गारच्या संचालनाखाली मुद्रित केला होता. १९७८ मध्ये ते बासष्ट वर्षांचे होते, म्हणजे सोनाटा लिहिताना एल्गार होता जवळपास त्याच वयाचे. धनूवरचा ताबा पूर्वीचा राहिलेला नाही, लांब सुरांत तो हलतो. जाणकार नाक मुरडतात. पण 'रोमान्स'मध्ये, त्या लांब चालीच्या शिखराकडे जाताना, म्हातारा हात घाई न करता सरकत जातो. तिथे मला सोळा वर्षांचा मुलगा दिसतो, समोर पांढऱ्या मिशांचा एल्गार उभा असलेला.

गेल्या वर्षी मे महिन्यात भाचीकडे बर्मिंगहॅमला गेले होते, तेव्हा एक दिवस काढून लिटल मॉल्व्हर्नला गेलो. चर्च टेकडीच्या उतारावर आहे, खाली वूस्टरच्या बाजूला सपाट हिरवा मुलूख पसरलेला. कबर दोघांची एकत्र. भाची खाली बाकावर बसली होती. मी कानात काही लावलं नव्हतं. ऊन होतं, तिथल्या मानाने चांगलं ऊन. भुजहून निघून इथे येऊन पडलेल्या बाईशी मराठीतून काय बोलावं, कळेना. शेवटी क्वार्टेटची ती चाल गुणगुणले, पहिलं व्हायोलिन येतं तिथपर्यंत.

पुण्याला परतल्यावर व्हायोलिन कपाटावरून खाली काढलं. एक तार गेलेली होती, धनूचे केस सैल. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुकानातून तार आणली. तारा आपल्या पद्धतीने न लावता त्यांच्या पद्धतीने, पंचमा-पंचमाने चढवत लावल्या. खुंट्या पावसाळ्याने फुगलेल्या, एक फिरेचना. सतरंजी घातली, घोट्यावर डोकं टेकवलं. ती लांब चाल मला पाठ आहे, कितीही वेळा म्हणून दाखवेन. पण वीस-बावीस वर्षांनी हाताला जागा सापडत नव्हत्या, वरचा सूर दर वेळी खालीच राहत होता. तेलाची बाटली स्वयंपाकघरातून आणली, बोटाला थेंबभर लावलं आणि पुन्हा सुरू केलं. पहिल्या सुरापासून दुसऱ्यापर्यंत, बोट न उचलता. रात्री साडेदहापर्यंत एवढंच.

सकाळी चहाचा कप उचलताना बघितलं, डाव्या तर्जनीच्या टोकावर तारेची रेघ उठली होती.